काउंटरवरचा पीसी बदलण्याआधी: मुंबईच्या सहकारी संस्थांच्या संगणक विभागांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील नागरी सहकारी बँका, पगारदार पतसंस्था आणि जुन्या युनिक्स सर्व्हरवर काम चालवणाऱ्या सर्व संस्थांचे संगणक विभागप्रमुख

स.न.वि.वि.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे आपल्यापैकी अनेकांनी काउंटरवरचे पीसी बदलले, काहींचे अजून बदलायचे आहेत. कोटेशने मागवली गेली. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वॉरंटी सगळे ताडून पाहिले गेले. पण या नव्या पीसीवरून आपल्या जुन्या सर्व्हरवरचे काम पूर्वीसारखे चालेल का, हा प्रश्न मी पाहिलेल्या एकाही खरेदी-ऑर्डरीत नव्हता. व्हेंडर मशिने बसवून, चलनावर सही घेऊन निघून जातो. दुसऱ्या दिवशी काउंटरपुढे रांग लागली की तो प्रश्न उभा राहतो, आणि त्याचा सगळा त्रास काउंटरवर बसलेल्या माणसाला होतो.

मी गिरगावपासून बोरिवलीपर्यंत अशा संस्थांची टर्मिनल, प्रिंटर आणि जुने सर्व्हर सांभाळतो. तुमचे हिशेबाचे पॅकेज कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतले असो की फॉक्सप्रोमधले, ते ताबडतोब फेकून द्या असे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटत असतील. माझे तसे म्हणणे नाही. ज्या पॅकेजने इतकी वर्षे व्याजाचा हिशेब बिनचूक ठेवला, ते केवळ काळ्या पडद्यावर चालते म्हणून काढू नये. मात्र ते ठेवायचे ठरवले असेल, तर त्याच्यापर्यंत पोचवणारे, पीसीला सर्व्हरच्या जुन्या टर्मिनलसारखे (म्हणजे त्याच्या पडदा-कीबोर्डासारखे) वागवणारे टर्मिनल एम्युलेटर नावाचे सॉफ्टवेअर तुमच्या जबाबदारीचा भाग आहे. ते फुकट मिळते म्हणून बिनमहत्त्वाचे ठरत नाही.

अडचण मुळात कुठे आहे ते आधी सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी तिचे निदानच चुकते. ‘नेटवर्क स्लो आहे’, ‘सर्व्हर म्हातारा झाला’, ‘स्टाफला शिकवायला हवे’ अशी कारणे ऐकू येतात. सर्व्हर ठणठणीत असतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये व्हीटी१०० हे टर्मिनल बाजारात आणले: ८० रकाने, २४ ओळी. त्याचे संकेत, म्हणजे बटणांसाठी आणि पडद्यासाठी पाठवायची ठरावीक चिन्हे, पुढे इतके पसरले की आजही जवळजवळ प्रत्येक एम्युलेटर स्वतःला व्हीटी१०० शी सुसंगत म्हणवतो. पण त्या मूळ कीबोर्डवर पीएफ१ ते पीएफ४ अशी चारच फंक्शन बटणे होती. आपल्या पीसीवर बारा आहेत. उरलेल्या बटणांनी कोणता संकेत पाठवायचा हे पुढे ज्याने त्याने आपापल्या मर्जीने ठरवले. एससीओ कंपनीच्या युनिक्सचे एक, लिनक्स कन्सोलचे दुसरे, एक्सटर्म या एम्युलेटरचे तिसरे. इतकेच काय, पहिल्या चार बटणांबाबतही एकवाक्यता राहिली नाही.

याचा काउंटरवर काय परिणाम होतो तो पाहा. एससीओवर चालणाऱ्या पॅकेजला एफ२ म्हणजे एस्केप, चौकोनी कंस आणि एन अशी तीन चिन्हे अपेक्षित असतात. विंडोजमधले नवे टर्मिनल त्याच बटणासाठी एस्केप, ओ आणि क्यू पाठवते. पॅकेजला एस्केप मिळाला की ते त्याचा अर्थ ‘रद्द करा’ असा घेते. भरलेले व्हाउचर जाते आणि पुढच्या रकान्यात ओ आणि क्यू ही दोन अक्षरे उमटतात. पुट्टी (हाही एक एम्युलेटरच) वापरत असाल आणि तिच्या सेटिंगला हात लावलेला नसेल, तर ओ-क्यूच्या जागी एक कंस, १२ आणि एक नागमोडी रेघ दिसेल. पुट्टीत हे दुरुस्त करायला एक मिनिट लागते: कीबोर्डच्या पानावर फंक्शन बटणांसाठी ‘एससीओ’ असा पर्यायच दिलेला आहे. तो निवडा, सेशन सेव्ह करा, झाले. एवढ्यासाठी संस्थेचे कामकाज दिवसभर अडून राहावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

बॅकस्पेसची गोष्ट याहून गंभीर आहे. लालबागच्या एका पतसंस्थेत नवे पीसी बसल्यावर काउंटरवरच्या ताईंनी मला शेजारी उभे करून दाखवले. “दादा, हे बघा ना. रक्कम चुकली म्हणून खोडायला गेले की हा मला पूर्णच बाहेर फेकतो.” त्यांनी ५००० च्या जागी ५०००० टाइप केले, बॅकस्पेस दाबले, आणि पडद्यावर थेट सर्व्हरचा प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट पाहणारी रिकामी ओळ) आला. पॅकेज बंद. त्या मधल्या काळात त्यांनी स्वतःच एक तोड काढली होती: चूक झाली तर न खोडता पूर्ण व्हाउचर भरायचे, पास करायचे आणि मग उलटी नोंद करून ते रद्द करायचे. दिवसाच्या शेवटी अशा उलट्यासुलट्या नोंदींची रास, आणि ऑडिटरला प्रत्येकीचे स्पष्टीकरण.

कारण अगदी साधे आहे. जुन्या सिस्टिम फाइव्ह जातीच्या युनिक्सवर १२७ क्रमांकाचे चिन्ह म्हणजे ‘चालू प्रोग्रॅम थांबवा’ अशी आज्ञा असते, आणि खोडण्यासाठी ८ क्रमांकाचे, म्हणजे कंट्रोल-एच, वापरले जाते. आजचे बहुतेक एम्युलेटर बॅकस्पेसला १२७ पाठवतात. त्या ताई खोडायला जात होत्या आणि सर्व्हर त्यांची आज्ञा पाळत होता. एम्युलेटरमध्ये बॅकस्पेस कंट्रोल-एचवर आणले किंवा सर्व्हरवर लॉगिनच्या फाइलमध्ये एसटीटीवाय या टर्मिनल-सेटिंगच्या आज्ञेची एक ओळ घातली की प्रश्न मिटतो. मला खुपते ते हे की मी पोचेपर्यंत त्यांना सगळे ‘नीट बघून टाइप करा’ असेच सांगत होते.

कॅशियरचा हात सतत उजवीकडच्या अंकांवर असतो. पॅकेजने कीपॅड ‘अॅप्लिकेशन मोड’मध्ये (यात बटणे अंकांऐवजी संकेत पाठवतात) टाकला आणि त्याची समज एम्युलेटरशी जुळली नाही, तर १ च्या जागी क्यू, २ च्या जागी आर, ५ च्या जागी यू असे येऊ लागते. हा मोड बंद करण्याची सोय पुट्टीत आहे. नव्या लॅपटॉपवर तर एफ२ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो, कारण फंक्शन बटणे मूळ रूपात चालावीत हे बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, सांगावे लागते. आणि वर्ड-एक्सेलवर वाढलेली तरुण मुले सवयीने ‘सेव्ह’ म्हणून कंट्रोल-एस दाबतात. टर्मिनलच्या भाषेत त्याचा अर्थ ‘थांब, पुढचे पाठवू नकोस’ असा आहे. स्क्रीन गोठते, मुलगा खिडकी बंद करतो, आणि सर्व्हरवर त्याचे सेशन रेकॉर्ड लॉक करून तसेच लटकत राहते. कंट्रोल-क्यू दाबले की स्क्रीन पुन्हा चालू होते. हे प्रत्येक काउंटरवर एका चिठ्ठीवर लिहून चिकटवा.

सर्व्हरला टर्मिनलचे नाव सांगणारे ‘टर्म’ हे व्हेरिएबलही तपासा. नवे एम्युलेटर स्वतःची ओळख ‘एक्सटर्म-२५६कलर’ अशी सांगतात. जुन्या सर्व्हरच्या टर्मइन्फो नावाच्या, ओळखीच्या टर्मिनलांच्या यादीत हे नावच नसते, मग तो ‘अनोळखी टर्मिनल’ म्हणून स्क्रीन रंगवायचे नाकारतो. चौकटींच्या जागी एल, क्यू, क्यू, के अशी अक्षरे किंवा प्रश्नचिन्हे दिसणे हाही अक्षरसंच न जुळण्याचाच प्रकार. तो डोळ्याला खटकतो, पण त्याने पैशाचे काही बिघडत नाही, म्हणून इथे त्यावर जास्त लिहीत नाही.

छपाईवर मात्र लिहायलाच हवे. पेन्शनर सभासदाला मोबाइलवरचा मेसेज पुरत नाही, त्याला पासबुकात ओळ उमटलेली हवी असते, आणि त्याचे तसे म्हणणे योग्यच आहे. जुन्या पॅकेजांपैकी बरीच टर्मिनलमधूनच छापतात. सर्व्हर एस्केप, चौकोनी कंस, ५, आय असा संकेत पाठवतो. त्यानंतर येणारा मजकूर पडद्यावर न दाखवता प्रिंटरला द्यायचा असतो, आणि ५ च्या जागी ४ आला की पुन्हा पडद्याकडे वळायचे असते. पुट्टीत ही सोय आहे, पण मुळात ती बंद असते: प्रिंटर म्हणून ‘कोणताच नाही’ असे लिहिलेले असते. तिथे प्रिंटर नेमला नाही, किंवा ज्याला हा संकेतच कळत नाही असे टर्मिनल वापरले, की पासबुकाच्या ओळी पडद्यावर सांडतात.

त्यापुढचा गोंधळ समजायला थोडे खोलात जावे लागते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला १५ क्रमांकाचे चिन्ह मिळाले की तो बारीक अक्षरात छापतो, १४ मिळाले की एक ओळ रुंद अक्षरात. संस्थेचे नाव मोठ्या टाइपात येते ते या १४ मुळे. टर्मिनलला मात्र त्याच १४ चा अर्थ ‘दुसरा अक्षरसंच घ्या’ असा लागतो, आणि कित्येकदा तो दुसरा संच चौकटींच्या रेघांचा असतो. म्हणून छपाई पडद्यावर सांडली की लगेच सगळी स्क्रीन रेघोट्यांनी भरून जाते आणि ‘व्हायरस आला’ अशी हाकाटी होते. टर्मिनल रीसेट करा, रेघोट्या जातील. व्हायरस म्हणून त्या पीसीला फॉरमॅट मारल्याचे मी पाहिले आहे. त्यात एम्युलेटरची उरलीसुरली सेटिंगही गेली.

प्रिंटर निवडतानाही जपा. टर्मिनलमधून येणारा मजकूर कच्चा असतो. विंडोजच्या ड्रायव्हरने पान रंगवून दिल्याशिवाय ज्यांना छापता येत नाही असे स्वस्त लेझर प्रिंटर अशा मजकुरापुढे गप्प बसतात. उलट काही एम्युलेटर कच्चा मजकूर ड्रायव्हरमधून पाठवतात, आणि ड्रायव्हर प्रत्येक छपाईच्या शेवटी पान बाहेर ढकलतो. पासबुकाची पुढची ओळ कुठे येणार याचा हिशेब पॅकेजने स्वतः ठेवलेला असतो, तो त्या एका ढकलण्याने बिघडतो. नव्या छोट्या पीसींना पॅरलल पोर्ट नसतो, बहुतेकांना सिरियलही नसतो. मग यूएसबी कन्व्हर्टर येतो. झाडूपोछा करताना त्याची वायर निघाली आणि शेजारच्या पोर्टमध्ये लावली गेली की पोर्टचा क्रमांक कॉम३ चा कॉम५ होऊ शकतो आणि पासबुक बंद पडते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे सगळे कन्व्हर्टर दिसायला सारखेच असतात. एक नमुना आणा, तुमच्या पासबुक प्रिंटरवर चालवून बघा, मग बाकीचे घ्या.

मराठीचा प्रश्न सगळ्यांना नाही, पण ज्यांना आहे त्यांना फार छळतो. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने एके काळी याच काळ्या पडद्यावर देवनागरी आणली, ही आपल्याकडची अभिमानाची गोष्ट. त्या काळात भरलेली सभासदांची नावे भारतीय लिप्यांसाठी बनवलेल्या इस्की या संकेतात आहेत. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक झाले. जिस्ट कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसायचे तो स्लॉट आता पीसीत नसतो, आणि युनिकोड या आजच्या संकेतावर ठेवलेल्या टर्मिनलला इस्कीची चिन्हे कळत नाहीत, म्हणून नावांच्या जागी काळे चौकोन दिसतात. यावर ‘डेटा युनिकोडमध्ये बदलून देतो’ असे कोणी म्हणाले तर आधी रकान्यांची लांबी विचारा. ‘कीर्ती’ हे नाव डोळ्याला दोन अक्षरांचे; इस्कीत ते सहा बाइट घेते आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, अठरा. तीस बाइटांच्या रकान्यात जे पूर्ण नाव मावत होते, त्याचे आडनाव मधेच तुटणार. आणि समजा मावले, तरी कीर्तीला किती घरे द्यायची याबाबत सर्व्हर आणि टर्मिनल यांचे एकमत नसते. मग त्या ओळीतली उजवीकडची रक्कम आपल्या रकान्यातून सरकते. माझा सल्ला असा की मराठी नावे टर्मिनलच्या पडद्यावर दाखवण्याचा हट्ट तूर्त सोडा, पण ती नावे पुसून त्या जागी इंग्रजी नावे भरू नका. ती इस्कीतच जपून ठेवा, आणि यादी किंवा नोटीस छापायची असेल तेव्हा वेगळ्या प्रोग्रॅमने युनिकोडमध्ये काढा. सभासदाला आपले नाव आपल्या लिपीत मिळाले पाहिजे.

आता सुरक्षेचा मुद्दा. इथे तर आपल्या काही संस्था पुढे जाण्याऐवजी मागे गेल्या आहेत. एसएसएच म्हणजे सर्व्हरशी कुलूपबंद जोडणी करण्याची पद्धत, आणि ओपनएसएसएच हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर. त्याने ऑगस्ट २०१५ मध्ये जुनी, कमकुवत झालेली की-एक्स्चेंजची (कुलपाची किल्ली ठरवण्याची) पद्धत मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये शा-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या. निर्णय योग्यच होते. पण जुन्या सर्व्हरला तेवढेच येते. नव्या विंडोजमधला एसएसएच त्याच्याशी जोडायला नकार देतो; पुट्टी इशारा देऊन जोडून देते. नकाराचा तो संदेश दिसला की कोणीतरी विंडोजमध्ये बंद असलेला टेलनेट चालू करून देतो, आणि ‘सर, झाले’ म्हणतो. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो. त्याच नेटवर्कवर बसलेल्या कोणालाही तो वाचता येतो, आणि तो पासवर्ड लोकांच्या ठेवींचा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्येच नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. पतसंस्थांना ती थेट लागू नसेल, पण ठेवीदार तर तिथेही आहेत.

यावर परवडणारा उपाय आहे. जुन्या सर्व्हरपुढे एक साधे, अद्ययावत लिनक्स मशिन उभे करा. काउंटरचे पीसी त्या मशिनशी नव्या, भक्कम एसएसएचने बोलतील. ते मशिन एकटेच जुन्या सर्व्हरशी जुन्या पद्धतीने बोलेल, तेही वेगळ्या केलेल्या वायरीवर. जुनी पद्धत चालू करायची तर ती फक्त त्या एका सर्व्हरच्या नावापुरती करता येते. आणि पुट्टी कोणाच्या पेनड्राइव्हवरून किंवा जाहिरातीतल्या लिंकवरून घेऊ नका. तिचा कर्ता सायमन टॅथम याच्या मूळ पानावरूनच घ्या, कारण पुट्टीच्या नावाने पासवर्ड चोरणाऱ्या बनावट प्रती फिरलेल्या आहेत.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. पुढच्या खरेदी-ऑर्डरीत एक कलम घाला, हवे तर असेच्या असे उतरवून घ्या: ‘पुरवठादाराने प्रत्येक काउंटरवर संस्थेच्या चालू पॅकेजमध्ये एक व्हाउचर भरून, त्यातील रक्कम खोडून दुरुस्त करून ते साठवणे, एक पासबुक छापणे आणि १३२ रकान्यांचा एक अहवाल छापणे, ही कामे त्या काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या हातून करून दाखवावीत. त्यांच्या सहीनंतरच बिल मंजूर होईल.’ सही काउंटरवरच्या माणसाची हवी, तुमची किंवा माझी नको. कोणते बटण रोज कितीदा दाबले जाते हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते.

जुना पीसी भंगारवाल्याला देण्याआधी त्यातली सेटिंग काढून घ्या. पुट्टी आपली सेशन्स विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात), त्या त्या वापरकर्त्याखाली ठेवते. डेस्कटॉपवरचा आयकॉन कॉपी केल्याने ती येत नाहीत. रजिस्ट्रीचा तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि बॅकस्पेस, फंक्शन बटणे, अक्षरसंच, प्रिंटर, टर्मिनलचे नाव या पाच गोष्टी एका कागदावर लिहून फाइलला लावा. हा कागद ज्या संस्थेत आहे तिथले काम मी फोनवर करून देऊ शकतो. जिथे नाही तिथे विरार फास्टमध्ये उभे राहून यावे लागते आणि तोवर रांग थांबते.

एक जुना पीसी, चालू स्थितीतला, नव्या पीसींवरची पहिली व्याजआकारणी पार पडेपर्यंत नेटवर्कपासून सुटा करून कोपऱ्यात ठेवा. ज्यांचे पीसी अजून यायचे आहेत त्यांनी बदलाबदल जानेवारी-फेब्रुवारीत उरकावी, आणि तीही एका शाखेत, एका काउंटरवर आठवडाभर चालवून पाहिल्यावर. मार्चमध्ये कोणत्याही काउंटरला हात लावू नका, आणि व्हेंडर घाई करत असेल तर त्याला एप्रिलची तारीख द्या.

कळावे,

आपला,
मुंबईतील एक फील्ड इंजिनिअर